आवाज आणि खूण जुळत नसेल तेव्हा: भाषण-ॲनोटेशनमधील वेळेचे दोष कसे शोधावेत

बडोद्याच्या दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात अशी मराठी घरे आहेत, जिथे आजीचे वाक्य मराठीत सुरू होते आणि गुजरातीत संपते. ही बोली ध्वनिमुद्रित करून तिचे शब्दांकन करण्याचे काम जे कोणी हाती घेतात, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. या कामात वेळेची खूण, म्हणजे शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची नोंद, हा निव्वळ तांत्रिक तपशील नव्हे. ‘पण’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे; तो मराठी वाक्याच्या शेवटी आला की गुजराती वाक्याच्या तोंडी, हे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या विरामांवरून ठरवावे लागते. खूण शंभर-दीडशे मिलिसेकंद सरकली, तर तो शब्द चुकीच्या टियरवर, म्हणजे एकेका भाषेसाठी ठेवलेल्या ओळींपैकी चुकीच्या ओळीवर, जाऊन बसतो आणि पुढे त्यावर उभे राहिलेले सगळे निष्कर्ष त्याच चुकीवर उभे राहतात.

अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात: खूण हाताने थोडी मागे ओढतात आणि पुढे जातात. माझे आग्रहाचे सांगणे आहे की, दोष कोणत्या जातीचा आहे हे कळेपर्यंत एकाही खुणेला हात लावू नये. दोष वादनातला, म्हणजे फाइल वाजवण्यातला असेल, तर बरोबर असलेली खूण आपण बिघडवतो. आणि दोष फाइलमधला असेल, तर शेकडो खुणा हाताने हलवूनही तो तिथेच राहतो.

आधी काय वेगळे करायचे

ध्वनिमुद्रणावर खुणा करून शब्दांकन लिहिण्याचे इलान हे सॉफ्टवेअर नेदरलँड्समधील नायमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत तयार झाले आहे. त्याच्या फाइलमध्ये आवाज नसतो. असतात त्या फक्त मिलिसेकंदांत लिहिलेल्या वेळा, त्यांना जोडलेला मजकूर आणि ध्वनिफाइल कुठे आहे याचा पत्ता. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पाउल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी घडवलेल्या प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरच्या टेक्स्टग्रिड फाइलमध्येही वेळा आणि मजकूरच असतो, फक्त वेळ सेकंदांत असते आणि ध्वनिफाइलचा पत्ता नसतो. म्हणजे खूण ही एक संख्या आहे. त्या संख्येपासून कानापर्यंतचा प्रवास मात्र लांबचा आहे: फाइल वाचली जाते, संकुचित असेल तर उलगडली जाते, ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिक्सरमधून जाते, बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबते आणि मग हेडफोनपर्यंत पोहोचते. यातल्या कोणत्याही टप्प्यावर उशीर झाला, तरी कानाला एकच गोष्ट जाणवते, ती म्हणजे खूण चुकली आहे.

इलानमध्ये आणखी एक गुंता आहे आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढची तपासणी फसवी ठरते. पडद्यावर दिसणारा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, सॉफ्टवेअर वेव्ह या असंकुचित स्वरूपाच्या फाइलमधून थेट काढते; पण ऐकू येणारा आवाज ऑपरेटिंग सिस्टिमच्या किंवा वेगळ्या मीडिया प्लेअरमार्फत वाजतो. व्हिडिओ आणि वेव्ह अशा दोन्ही फाइल्स जोडलेल्या असतील, तर डोळे एका फाइलकडे पाहत असतात आणि कान दुसरी फाइल ऐकत असतात. म्हणून कंट्रोल्सच्या टॅबमध्ये जाऊन प्रत्येक फाइलचा आवाज आळीपाळीने शून्यावर आणावा आणि नेमका कोणता आवाज मागे-पुढे होतो, ते पाहावे. अनेकदा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

तपासणी सुरू करण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. ॲनोटेशन फाइलची प्रत काढून वेगळ्या नावाने ठेवावी. ध्वनिफाइल पेनड्राइव्हवर किंवा सिंक होणाऱ्या ऑनलाइन फोल्डरमध्ये असेल, तर ती संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आणावी. वादनाचा वेग शंभर टक्क्यांवर ठेवावा, कारण वेग कमी केला की प्लेअरला आवाज ताणावा लागतो आणि निवडलेला भाग नेमका कुठे थांबेल याची खात्री उरत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवून तारेचा हेडफोन लावावा. ब्लूटूथमुळे आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही अधिक उशिरा पोहोचतो, ही त्या तंत्राची नेहमीची मर्यादा आहे.

ब्लूटूथबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. वेव्हफॉर्म पाहून माउसने खूण केली असेल, तर ब्लूटूथचा उशीर तिला बाधत नाही. फक्त ऐकताना कर्सर पुढे धावल्यासारखा दिसतो. परंतु आवाज ऐकत ऐकत कळ दाबून तुकडे पाडले असतील, तर तो सगळा उशीर खुणेत उतरतो. त्यात ऐकल्यापासून बोट हलेपर्यंतचा माणसाचा स्वतःचा उशीर मिळतो, जो साधारण दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो. म्हणून एखाद्या फाइलमधील सगळ्याच खुणा उशिरा पडलेल्या दिसल्या, तर ते काम कोणी, कोणत्या हेडफोनवर आणि कोणत्या पद्धतीने केले, हे आधी विचारावे.

एका शब्दावरची चाचणी

मुलाखतीत कोणी ‘आमचा पत्ता रावपुऱ्याचा’ असे म्हटले आहे असे समजा. यातील ‘पत्ता’ हा शब्द तपासणीसाठी फार उपयोगी आहे, कारण ‘त्त’ उच्चारताना जीभ दातांमागे टेकून हवा पूर्ण अडवते आणि वेव्हफॉर्मवर जवळपास सपाट रेषा दिसते. त्यानंतर जीभ सुटताच एक बारीक, टोकदार उसळी येते आणि मागून ‘आ’ सुरू होतो. वेव्हफॉर्म भरपूर मोठा करून केवळ ती सपाट रेषा निवडावी आणि शिफ्ट व स्पेसबार एकत्र दाबून निवडलेला भाग वाजवावा. काहीही ऐकू आले नाही, तर वादन बरोबर आहे. ‘प’ नंतरच्या ‘अ’चे शेपूट ऐकू आले, तर कानाला मिळणारा आवाज पडद्यावरील जागेच्या मागे आहे. पुढचा ‘आ’ ऐकू आला, तर एकतर आवाज पुढे सरकला आहे, नाहीतर प्लेअर ठरलेल्या जागी न थांबता पुढे वाहत गेला आहे. या दोन शक्यतांतला फरक ओळखणे सोपे आहे: निवड ‘अ’च्या मध्यापासून सुरू करून पाहावी, सुरुवात बरोबर ऐकू येऊन केवळ शेवट लांबत असेल, तर दोष थांबण्यातला आहे.

हीच चाचणी ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि अगदी शेवटी असलेल्या शब्दांवर करावी, आणि प्रत्येक ठिकाणी एकदा नव्हे तर तीन-चार वेळा करावी. ‘पत्ता’ नसेल तर ‘हट्ट’, ‘पक्का’, ‘सत्तर’ असा कोणताही द्वित्त शब्द चालतो. ज्या खोलीत पंखा चालू होता, तिथे सपाट रेषा पूर्ण सपाट दिसत नाही. पण कान मात्र स्वर आणि पंख्याची घरघर यांत गल्लत करीत नाही.

कृत्रिम टिकटिक

मुद्रणावरून निर्णय होत नसेल, तर मुद्रणच बाजूला ठेवावे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरच्या जनरेट मेनूमधील ऱ्हिदम ट्रॅक उघडून दर मिनिटाला ६० ठोके असा ताल ठेवावा, सुरुवातीचे अंतर आणि स्विंग शून्य ठेवावे आणि आपल्या मुद्रणाइतकी लांब फाइल तयार करावी. म्हणजे प्रत्येक पूर्ण सेकंदाला एक ठोका मिळतो. ही फाइल वेव्ह स्वरूपात निर्यात करून इलानमध्ये उघडावी आणि १० सेकंद ५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करून १० सेकंद ९५० मिलिसेकंदांपर्यंतचा भाग निवडावा. ठोका अगदी आखूड असल्याने या निवडीत शांतता असायला हवी. मग हेच विसाव्या आणि चाळिसाव्या मिनिटाला आणि फाइलच्या शेवटाजवळ करावे.

याच टिकटिकीची एमपी-थ्री प्रत काढून तीच निवड पुन्हा ऐकावी. वेव्हमध्ये शांतता आणि एमपी-थ्रीमध्ये ठोका, असे झाले तर दोष फाइलच्या स्वरूपाचा आहे. दोन्हींत ठोका ऐकू आला, तर दोष संगणकाचा किंवा मीडिया प्लेअरचा आहे. दोन्हींत शांतता असून केवळ आपल्या मुद्रणात घोळ असेल, तर त्या मुद्रणाच्या जन्मातच काहीतरी आहे. मला ही चाचणी इतर कोणत्याही उपायापेक्षा मोलाची वाटते, कारण ती मतभेदाला जागा ठेवत नाही.

फरक सर्वत्र सारखा असेल तर

सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सारखाच फरक दिसत असेल, तर पहिला संशय संकुचित स्वरूपावर घ्यावा. एमपी-थ्री करताना एन्कोडर, म्हणजे फाइल संकुचित करणारा प्रोग्राम, फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता जोडतो. लेम या प्रचलित एन्कोडरचा विलंब ५७६ नमुन्यांचा आणि फाइल उलगडणाऱ्या डिकोडरचा ५२९ नमुन्यांचा धरतात (नमुना म्हणजे आवाजाचे एक मोजमाप), ४४.१ किलोहर्ट्‌झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने असताना, हे मिळून सुमारे २५ मिलिसेकंद होतात. एएसी स्वरूपात ही भर बहुधा २११२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे ४८ मिलिसेकंदांची असते. काही प्रोग्राम ही शांतता कापून टाकतात, काही ठेवतात. त्यामुळे एएसी स्वरूपाची एकच एम-फोर-ए फाइल एका प्रोग्राममध्ये एक वेळ दाखवते आणि दुसऱ्यात दुसरी. वाक्याच्या पातळीवरील शब्दांकनाला याने फारसा फरक पडत नाही. पण ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ यांतील श्वासाची लांबी मोजायची असेल, तर पन्नास मिलिसेकंदांत सगळे मोजमापच वाहून जाते.

उपाय एकच आणि तो कामाच्या सुरुवातीला करायचा आहे: मिळालेली फाइल कोणत्याही स्वरूपात असो, एकदाच तिची १६ बिटची वेव्ह प्रत काढावी, त्या प्रतीलाच मूळ मानावे आणि शब्दांकन, प्राटमधील मोजमाप, पुढे कोणाला पाठवणे, हे सगळे त्याच प्रतीवर करावे. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवरून पाठवलेले आवाज ओपस स्वरूपात असतात. त्यांनाही हाच नियम लावावा. जागेची चिंता करू नये. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ असे एक तासाचे मुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट होते आणि मोनो त्याच्या निम्मे.

दोन उपकरणांवर एकाच वेळी मुद्रण केले असेल, तर स्थिर फरक साहजिकच असतो, कारण दोन्हींची बटणे एकाच क्षणी दाबली जात नाहीत. इलानच्या ऑप्शन्स मेनूमध्ये मीडिया सिंक्रोनायझेशन मोड आहे. त्यात दोन्ही फाइल्सवर एकच क्षण, बहुधा सुरुवातीची टाळी, शोधून तो फरक नोंदवता येतो. हा फरक ॲनोटेशन फाइलमध्येच साठवला जातो. कोणी फाइल्सची जोडणी काढून पुन्हा केली, तर तो हरवतो आणि अचानक सगळ्या खुणा सरकलेल्या दिसतात. असे झाले तर खुणांना नव्हे, त्या नोंदीला हात लावावा.

खुणाच खरोखर सारख्या अंतराने सरकलेल्या आहेत याची खात्री पटली, तरच ॲनोटेशन मेनूमधील सगळ्या खुणा एकदम सरकवण्याची सोय वापरावी.

फरक वाढत जात असेल तर

सुरुवातीला सगळे जुळते आणि तासाभराच्या शेवटी खूण काही सेकंद, कधी मिनिटेही दूर असते, असा हा प्रकार आहे. फरक किती वेगाने वाढतो यावरच कारण उघड होते, म्हणून इथे मोजणे अनिवार्य आहे.

तासाला पाच मिनिटांच्या आसपास फरक पडत असेल, तर सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला किती नमुने आहेत त्या आकड्याची, गल्लत झाली आहे. ४८ किलोहर्ट्‌झवर केलेले मुद्रण ४४.१ समजून वाजवले, तर एका तासाचे ६५ मिनिटे १८ सेकंद होतात आणि आजींचा आवाज ओळखू येण्याइतका जाड होतो. उलट गल्लत झाली, तर तास सुमारे ५५ मिनिटांत संपतो आणि आवाज बारीक होतो. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूमधील रेट हा पर्याय खऱ्या आकड्यावर आणावा, प्रोजेक्टचा रेटही तोच ठेवावा आणि नवी वेव्ह प्रत निर्यात करावी. येथे वेग किंवा टेम्पो बदलणारे इफेक्ट वापरू नयेत, कारण नमुने बरोबरच आहेत. चुकले आहे ते त्यांच्यावरचे लेबल.

तासाला सुमारे ३.६ सेकंदांचा फरक दिसला, तर व्हिडिओचा दर तपासावा: २९.९७ आणि ३० फ्रेम यांतील गोंधळ नेमका इतका फरक देतो. फोनवरील व्हिडिओत फ्रेमचा दर बदलता असतो आणि तो दुसऱ्या प्रोग्राममधून नीट रूपांतरित झाला नाही, तर ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात. असा व्हिडिओ आधी स्थिर दराच्या एमपी-फोरमध्ये आणावा.

तासाला दहावीस ते दोनशे मिलिसेकंदांचा फरक मात्र कोणाच्याही चुकीमुळे येत नाही. प्रत्येक रेकॉर्डरमध्ये वेळ मोजणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. उष्णतेनेही त्यांची गती किंचित बदलते. दशलक्षात ५० भागांचा फरक असला, तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात. यावर उपाय म्हणजे मुलाखतीच्या शेवटीही एक टाळी वाजवणे. दोन टाळ्यांमधील अंतर पहिल्या रेकॉर्डरवर ३६०० सेकंद आणि दुसऱ्यावर ३६००.१८ सेकंद असेल, तर दुसऱ्या फाइलची गती ०.००५ टक्क्यांनी वाढवली की दोन्ही शेवटपर्यंत जुळतात. या कामाला ऑडॅसिटीतील गती आणि पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट वापरावा. शेवटची टाळी नसेल, तर रस्त्यावरून गेलेला हॉर्न किंवा कपबशीचा आवाज, जो दोन्ही मुद्रणांत स्पष्ट आहे, तोही चालतो.

शब्दांकन चुकीच्या लांबीच्या प्रतीवर पूर्ण झाले असेल, तर ते फेकून देऊ नये. इलानमधून टेक्स्टग्रिड निर्यात करावी, प्राटमध्ये तिच्या वेळा योग्य गुणोत्तराने वाढवून किंवा घटवून घ्याव्यात आणि पुन्हा आयात करावी. टियरमधील परस्परसंबंध या वाटेने टिकत नाहीत, ते नव्याने बांधावे लागतात. पण शेकडो वाक्ये पुन्हा ऐकण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे आहे.

फरक दर वेळी वेगळा असेल तर

तोच भाग दोनदा वाजवला आणि दोन वेगळे आवाज ऐकू आले, किंवा सुरुवातीपासून सलग ऐकताना सगळे जुळते पण मधेच उडी मारली की बिघडते, असे असेल तर फाइल बहुधा बदलत्या बिटरेटची एमपी-थ्री आहे. अशा फाइलमध्ये सत्ताविसावे मिनिट नेमके कुठे आहे, हे प्लेअर अनेकदा अंदाजाने ठरवतो. तिच्या सुरुवातीच्या, जागा सांगणाऱ्या तक्त्यात शंभरच नोंदी असतात, म्हणजे तासाभराच्या फाइलमध्ये दोन नोंदींत ३६ सेकंदांचे अंतर पडते. वेव्हमध्ये हा प्रश्नच उद्‌भवत नाही, कारण प्रत्येक सेकंदाला ठरलेलेच बाइट लागतात आणि जागा गुणाकाराने मिळते.

वेव्ह असूनही निवडीचा शेवट पुढे वाहत असेल, तर इलानच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा विभाग उघडून मीडिया प्लेअर बदलून पाहावा. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट मीडिया फाउंडेशन, डायरेक्टशो, जावाएफएक्स असे पर्याय आवृत्तीनुसार मिळतात. बदल केल्यावर फाइल बंद करून पुन्हा उघडावी लागते. प्रत्येक पर्यायावर टिकटिकीची चाचणी घ्यावी आणि जो सर्वांत नेटका थांबतो, तो ठेवावा.

निवडीचा पहिला अक्षरभर भाग गिळला जात असेल, म्हणजे ‘रावपुरा’चा ‘वपुरा’ ऐकू येत असेल, तर ध्वनी उपकरण मधल्या शांततेत झोपी जाते आणि जागे होण्यास वेळ घेते. यूएसबी हेडफोनवर आणि ब्लूटूथवर हे विशेष दिसते. विंडोजच्या ध्वनी सेटिंग्जमधील आवाज सुधारणारे पर्याय बंद करावेत आणि वीजबचतीच्या योजनेत यूएसबी निलंबनाची सोय बंद करावी. प्राटमध्ये ध्वनिवादनाच्या सेटिंग्जमध्ये वादनापूर्वी थोडी शांतता जोडता येते. तिथे हा त्रास तेवढ्याने थांबतो.

कधी कधी फाइलच दुसरी असते. एकाच नावाच्या दोन प्रती दोन फोल्डरमध्ये असतात, एक कापलेली आणि एक अखंड, आणि सॉफ्टवेअरला जी आधी सापडते ती उघडते. एडिट मेनूमधील जोडलेल्या फाइल्सची यादी उघडून पूर्ण पत्ता वाचावा आणि लांबी ताडून पाहावी. लांब मुद्रणे रेकॉर्डर दोन किंवा चार गिगाबाइटला तोडतो, तेव्हा दुसऱ्या तुकड्याची वेळ पुन्हा शून्यापासून सुरू होते, हेही लक्षात ठेवावे.

एवढे करूनही दोष सापडला नाही आणि जाणकाराची मदत घ्यायची असेल, तर ‘आवाज मागे पडतो’ एवढेच लिहून भागत नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, निवडलेला मीडिया प्लेअर, हेडफोनचा प्रकार, फाइलचे स्वरूप, सॅम्पल रेट आणि लांबी, सुरुवातीला, मध्ये व शेवटी मोजलेला फरक, आणि टिकटिकीच्या चाचणीचा निकाल लिहून पाठवावा. शक्य असल्यास ज्यात दोष दिसतो असा अर्ध्या मिनिटाचा वेव्ह तुकडा आणि त्याची ॲनोटेशन फाइल सोबत जोडावी. मात्र त्यात मुलाखत देणाऱ्याचे नाव, पत्ता किंवा घरगुती गोष्ट नाही, हे पाठवण्यापूर्वी ऐकून घ्यावे.